खारदांड्याच्या कपाटातले आवाज

वांद्र्याच्या कार्टर रोडला संगीतकार नौशाद अली यांचं नाव दिलेलं आहे. त्यांचा ‘आशियाना’ बंगला याच रस्त्यावर होता. ‘मदर इंडिया’ आणि ‘मुघल-ए-आझम’चं संगीत देणारा माणूस रोज हा समुद्र पाहत होता. रस्ता उत्तरेकडे जिथे संपत येतो तिथे फिरायला आलेल्यांची गर्दी विरते, सुक्या बोंबलाचा वास येऊ लागतो आणि खारदांडा सुरू होतो. किनाऱ्यावर होड्या, वलांडीवर वाळत घातलेली मासळी, मागे एकमेकांना चिकटलेली घरं आणि त्यांच्यातून जाणाऱ्या चिंचोळ्या गल्ल्या. पलीकडे चुईम गावठाण. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतही पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच एक बोली बोलली जाते.

नौशाद यांची गाणी हरवणार नाहीत. त्यांच्या तबकड्या आहेत, चित्रपटांच्या निगेटिव्ह आहेत, हक्क सांगणारे निर्माते आणि कंपन्या आहेत. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा चित्रपटगृहांत लागला, कारण मूळ फिल्म कुणीतरी सांभाळून ठेवली होती. त्याच रस्त्याच्या टोकाला दांड्यात ज्यांनी हळदीच्या रात्री जागवल्या, नारळी पुनवेला दर्याला नारळ वाहताना गाणी म्हटली, शिमग्याला रात्र-रात्र फेर धरला, त्यांचे आवाज कुठे आहेत? असलेच तर घराघरांतल्या कपाटांत: साडीच्या घडीखाली ठेवलेल्या ऑडिओ कॅसेटमध्ये, लग्नाच्या अल्बमशेजारच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये, कुणाच्या तरी जुन्या मेमरी कार्डात. या लेखाचा विषय ती कपाटं आहेत. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणं हा आपला सामायिक वारसा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातल्या डब्यांइतकीच ही कपाटंही त्यात मोजली पाहिजेत. आणि त्यांच्याकडे वेळ फार थोडा उरला आहे.

आगरी-कोळी समाजातल्या लग्नांत धवलारीण नावाची एक व्यक्ती असे. काही ठिकाणी ती अजूनही आहे. ती लग्न गाते. मांडव घालण्यापासून हळद, देवक आणि पाठवणीपर्यंतचा प्रत्येक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. ती गाते ते धवले. तेराव्या शतकातल्या महदंबेला आपण मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो, तिची रचनाही धवळ्यांचीच. म्हणजे मराठीत बाईने रचलेल्या कवितेचा सर्वांत जुना माहीत असलेला प्रकार कोळीवाड्यांत आणि आगरी पाड्यांत लग्नाच्या मांडवाखाली जिवंत राहिला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी तो मुखोद्गत ठेवला. धवलारीण आईकडून, आत्याकडून, शेजारणीकडून शिकत गेली, आणि शिकवायला कुणी मिळालं नाही की तिच्याबरोबर शेकडो ओळी गेल्या.

छापील शब्द आपल्याकडे थोडेफार आहेत. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा, मराठीला वाहिलेला खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोकणच्या किनारपट्टीवरच्या बोलींमध्ये कोळी बोलीचे नमुनेही आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा तो दस्तऐवज मोलाचा आहे. पण कोळी बोलीचा हेल, वाक्याच्या शेवटी वर चढणारा सूर, सरकत्या दोरासारखा लांबत जाणारा स्वर कागदावर येत नाही. तो ऐकावाच लागतो. ग्रिअर्सनलाही हे उमगलं होतं. पुढे १९१३ पासून पंधरा-सोळा वर्षं भारतातल्या अनेक भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करवून घेतल्या गेल्या, त्या त्याच जाणिवेतून.

बाजारात आलेल्या कोळीगीतांचं काय, असा प्रश्न कुणी विचारेल. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गायलेली कोळीगीतं महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. विठ्ठल उमपांनी कोळीगीताला शाहिरीची धार दिली. वेसाव्याच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने तर कोळीवाड्यातूनच येऊन कॅसेटच्या बाजारात आपली जागा केली. हे सगळं मोलाचं आहे, आणि ते कुठे ना कुठे टिकेल. मात्र तबकडीच्या एका बाजूला मोजकीच मिनिटं मावत. कॅसेट आली तरी गाणं विकायचं तर ठेका जलद हवा, वाद्यमेळ भरगच्च हवा, शब्द साऱ्या महाराष्ट्राला कळणारे हवेत. रात्रभर चालणारा धवला त्यात मावला नाही. हळदीला जमलेल्या बायकांचं, मध्येच हसू फुटणारं, एकमेकींच्या ओळी पुढे नेणारं गाणं त्यात मावलं नाही. चुईममध्ये लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणायची ईस्ट इंडियन घरांतली रीतही त्यात नाही.

ते जे मावलं नाही, ते घरगुती कॅसेटने पकडलं. फिलिप्सची कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये आली. ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर मुंबईच्या चाळींत आणि वाड्यांत पोहोचला. आखातातून परतणाऱ्या माणसांनी टू-इन-वन आणले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या सुमाराला रंगीत दूरदर्शन आलं, त्यामागोमाग व्हीसीआर, आणि लग्नाला ‘व्हिडिओ शूटिंग’ ही नवी गोष्ट निघाली. खांद्यावर जड कॅमेरा आणि मागे झगझगीत दिवा धरणारा पोरगा घेऊन फिरणारा व्हिडिओवाला कलावंत म्हणून कधी गणला गेला नाही. तरीही मुंबईच्या कोळीवाड्यांचं सर्वांत मोठं दृश्य दफ्तर त्यानेच तयार केलं. त्याच्या चौकटीत नवरा-नवरी आहेत. त्यांच्या मागे तेव्हाचं घर आहे, आज नसलेली विहीर आहे, लुगडं नेसायची तेव्हाची पद्धत आहे, ब्रास बँडचे वादक आहेत, आणि कोपऱ्यात बसून गाणारी ती म्हातारी आहे जिचा फोटो एरवी कुणी काढला नसता.

आपल्याकडे जतनाचा इतिहास हा मुख्यतः गमावण्याचा इतिहास आहे, आणि तो मुंबईतच सुरू होतो. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून प्रभावित झालेल्या छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना चित्रित केला. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर परांजपे इंग्लंडहून परतले, त्यांच्या स्वागताचंही चित्रण त्यांनी केलं. भारतीयांनी केलेल्या अगदी पहिल्या चित्रणांत एका मराठी माणसाची ही चित्रणं आहेत, आणि आज ती पाहता येत नाहीत.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित झाला. चार रिळांचा हा चित्रपट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं अशी दोन रिळं आहेत, आणि तीही १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. भारतात तेराशेहून अधिक मूकपट झाले. त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत उरले ते तीसच्या आसपास. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये लागलेला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आज उपलब्ध नाही. संग्रहालयाचे पी. के. नायर त्याच्या शोधात दिग्दर्शक अर्देशीर इराणींना भेटायला गेले, तेव्हा काही रिळं त्यांच्या मुलाने चांदी काढण्यासाठी विकून टाकल्याचं कळलं. जुन्या नायट्रेट फिल्मवरच्या थरात चांदी असते. चित्रपटाचा धंदा संपला की डब्यातल्या फिल्मची किंमत तेवढीच उरत असे.

नायर यांचं नाव इथे आदराने घेतलं पाहिजे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात ते पुढच्याच वर्षी आले आणि निवृत्त होईपर्यंत डबे गोळा करत राहिले. फाळक्यांच्या कुटुंबाकडून त्यांनी तुकडे मिळवले आणि १९१९ चा ‘कालिया मर्दन’ त्यातून पुन्हा जुळवला. कृष्ण झालेली फाळक्यांची छोटी लेक मंदाकिनी आज आपण पाहू शकतो ती त्या जुळवाजुळवीमुळे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये ‘सेल्युलॉइड मॅन’ हा नायर यांच्यावरचा माहितीपट केला, आणि पुढे २०१४ मध्ये मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन उभं केलं.

याच पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची मूळ रिळं जळाली. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्याखालीही जळत राहतं. प्रभातच्या चित्रपटांचं मूळ साहित्यही त्यात गेलं. १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवलेला दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आज आपण पाहतो तो आधी काढून ठेवलेल्या नव्या प्रतींमुळे. या आगीतून मी काढतो तो निष्कर्ष साधा आहे. मूळ वस्तू जपणं आवश्यक आहे, पण एकाच ठिकाणची एकच वस्तू म्हणजे जतन नव्हे. प्रत काढली तर वारसा टिकतो.

आता पुन्हा चुईमकडे येतो, कारण या विषयावरचा देशातला एक अतिशय विचारपूर्वक केलेला प्रयोग याच गावठाणातून झाला आहे.

शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘कॅम्प’ हा कलावंतांचा गट सुरू केला. त्याचा स्टुडिओ चुईममध्ये. पुढच्याच वर्षी ‘पॅड.मा’ हा सर्वांना खुला डिजिटल संग्रह सुरू झाला. त्यात कॅम्पबरोबर मुंबईच्या ‘मजलिस’ आणि ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’, बंगळुरूचा ‘अल्टरनेटिव्ह लॉ फोरम’ आणि बर्लिनचा ‘ओआयएल२१’ हा संगणकतज्ज्ञांचा गट सामील होता. संग्रह म्हटलं की आपण पूर्ण झालेल्या कलाकृती डोळ्यांपुढे आणतो. पॅड.माने उलटी दिशा घेतली. माहितीपट करताना तासन्‌तास चित्रण होतं आणि त्यातला फार थोडा भाग पडद्यावर येतो. उरलेलं कपाटात पडतं, पुसलं जातं, हरवतं. पूर्ण मुलाखत, कॅमेरा चालू असताना रस्त्यावर घडलेली गोष्ट, प्रश्न विचारण्यापूर्वीची शांतता, असं सगळं या संग्रहात आलं.

त्याहून महत्त्वाचं मला वाटतं ते त्याची मांडणी. प्रत्येक चित्रणाखाली काळाची पट्टी असते. कितव्या मिनिटाला कोण काय बोलतं त्याचा मजकूर, जागेचं वर्णन, एखाद्या अभ्यासकाची टीप, हे सगळं त्या-त्या क्षणाला जोडता येतं. शब्द शोधला की तो उच्चारला जातो त्या सेकंदापर्यंत पोहोचता येतं. हे चालवणारं सॉफ्टवेअर मुक्त स्वरूपाचं असून कुणालाही वापरता येतं. याच पायावर २०१३ मध्ये ‘इंडियनसिने.मा’ उभं राहिलं. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय चित्रपटांचा विश्वकोश १९९४ मध्ये आला होता. त्यातल्या नोंदींपासून सुरुवात करून प्रत्येक चित्रपटाला एक पान मिळालं आणि हक्कांची मुदत संपलेले चित्रपट तिथे पाहता येऊ लागले. पॅड.माशी जोडलेल्या मंडळींनी २०१० मध्ये बैरुतला संग्रहाविषयी दहा सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं सूत्र असं की संग्रह कुणीतरी उभारील याची वाट पाहत बसू नये.

याच गटाचा ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा २०१३ चा चित्रपट दांड्यातल्या तरुणांनी जरूर पाहावा. कच्छ, सिंध, बलुचिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यांवरच्या खलाशांनी आपल्या मोबाइलवर घेतलेल्या चित्रणांतून तो घडला आहे. समुद्रावर राबणाऱ्या माणसांनी स्वतः टिपलेलं आपलं जग, त्यांनीच वर चढवलेल्या गाण्यांसकट. दर्यावर जाणाऱ्याच्या हातातला फोनही इतिहासाचं साधन असतो, याचा इतका ठोस पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. आणि हा पुरावा ज्या गावठाणात संकलित झाला तिथून दांड्याचा किनारा पायी काही मिनिटांवर आहे.

घरगुती किंवा परक्याच्या हातातली प्रत मूळ संस्थेला कशी उपयोगी पडते, याची दोन उदाहरणं सांगतो. १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ हा मराठी चित्रपट मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप आणि त्यांच्या साथीदारांनी ‘युक्त’ या सहकारी गटाच्या नावाने केला. तेंडुलकरांच्या नाटकावरचा हा प्रयोगशील चित्रपट इथे जवळजवळ विस्मरणात गेला. त्याची प्रत टिकली ती बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेत, आणि तिच्यावरून केलेली डिजिटल आवृत्ती २०१४ मध्ये तिथल्याच चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. दुसरं उदाहरण ब्रिटनचं. बीबीसीने साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेच्या अनेक भागांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या. ती चित्रं गेली. पण मालिकेच्या चाहत्यांनी घरी दूरचित्रवाणीसमोर टेपरेकॉर्डर लावून आवाज टिपून ठेवला होता, आणि त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज ऐकता येतो. एवढ्या बलाढ्य संस्थेने जे पुसलं ते काही शाळकरी मुलांच्या टेपने वाचवलं.

आपल्या घरात असं काही नाही, असं म्हणण्याआधी हे आठवावं.

दांड्यातल्या कॅसेटचं काय करायचं याचा विचार करताना माझ्यासमोर सर्वांत जवळचा आदर्श आहे तो जात्यावरच्या ओव्यांचा. पुण्यात गी पॉयटव्हां आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकात गावोगावच्या बायकांच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. संख्या एक लाखाच्या पुढे गेली. पुढे बर्नार बेल यांच्या साथीने हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. २००४ मध्ये पॉयटव्हां गेले, २०१० मध्ये हेमाताई. काम थांबलं असतं. पण ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने ते हाती घेतलं. या संग्रहाची खरी ताकद ओव्यांच्या संख्येत नाही. प्रत्येक ओवीपाशी गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. ‘पारी’ची मंडळी अनेक वर्षांनी त्याच गावांत परत गेली, त्याच बायकांना भेटली, त्यांचे फोटो काढले, त्यांनी पूर्वी गायलेलं त्यांना ऐकवलं. लोकगीत म्हटलं की आपण ‘पारंपरिक’ असा शिक्का मारतो आणि गाणारी बाई अदृश्य होते. इथे ती अदृश्य झाली नाही.

कोळीवाड्याच्या बाबतीत हा धडा फार महत्त्वाचा आहे. नावाशिवायच्या ध्वनिफितीची किंमत दर वर्षी घटते. आज दांड्यातली साठ-सत्तर वर्षांची बाई कॅसेट ऐकून सांगेल की हा आवाज अमकीच्या सासूचा, हे लग्न तमक्या घरातलं, हे गाणं माहेरून आलेलं, वेसाव्याचं की मढचं. दहा वर्षांनी ते सांगणारं कुणी नसेल. आवाज असेल, पण तो कुणाचा हे कळणार नाही. म्हणून कॅसेट बदलून घेण्याच्या कामाइतकंच, किंबहुना त्याआधी, म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून लिहून घेण्याचं काम करावं. “आये, ह्या कोन गातंय?” एवढा प्रश्न पुरे. पुढचं ती सांगते.

आता फितीकडे. ऑडिओ आणि व्हिडिओ कॅसेटची फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय पूड. चिकटवणारं द्रव्य हवेतलं पाणी शोषतं, हळूहळू विघटित होतं आणि फीत चिकट होते. अशी फीत वाजवली की यंत्राच्या हेडवर पूड सुटून बसते. प्रयोगशाळेत काही प्रकारच्या फिती पन्नास-पंचावन्न अंश तापमानात कित्येक तास तापवून थोड्या काळापुरत्या वाजवण्याजोग्या करतात. ते काम घरी करायचं नाही. ओलाव्यात बुरशीही लागते. पावसाळ्यातल्या मुंबईची हवा, वर समुद्राची खारट ओल, यापेक्षा फितीला वाईट जागा सापडणं अवघड. चित्रपटाच्या ॲसिटेट फिल्मवरही हेच संकट येतं: डबा उघडला की व्हिनेगरचा आंबट वास येतो, कारण फिल्म विघटित होऊन ॲसेटिक आम्ल सुटत असतं, आणि तो वास शेजारच्या डब्यांनाही लागण करतो. त्यात २६ जुलै २००५ सारखा दिवस. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. खार हे सांताक्रूझचं शेजारीच. तळमजल्यांवरच्या घरांतलं काय-काय त्या पाण्यात गेलं याची यादी कुणी केलेली नाही.

आणि फीत शाबूत राहिली तरी वाजवायची कशावर? व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी, फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. यंत्रं जुनी होत चालली आहेत, त्यांची हेड झिजली आहेत, सुटे भाग मिळत नाहीत, आणि दुरुस्त करणारे हात म्हातारे झाले आहेत. युनेस्को आणि ध्वनि-दृश्य संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जागतिक इशारा दिला. २०२५ च्या सुमाराला फिती वाजवण्याची सोय नियमितपणे उपलब्ध राहणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. ती मुदत आपण गाठली आहे. ज्याच्याकडे चालू व्हीसीआर आहे त्याने तो भंगारात देऊ नये. एखाद्या संस्थेला, महाविद्यालयाला, वाड्यातल्या मंडळाला द्यावा.

कायद्याची स्थिती समजून घेणं गरजेचं आहे. पुस्तकं, आणि पुढे वर्तमानपत्रंही, ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करण्याचा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. चित्रपटाची किंवा ध्वनिमुद्रणाची प्रत जमा करण्याची अशी सर्वसाधारण सक्ती नाही. प्रत्येक छापील पुस्तकाला आपण राष्ट्राच्या स्मृतीत हक्काची जागा दिली आणि चित्रपटाला, गाण्याला दिली नाही, हे मला चुकीचं वाटतं. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं, आणि राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून २२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा झाली. ही मोठी रक्कम आहे आणि तिचं स्वागत केलं पाहिजे. पण त्या यादीत दांड्याची हळद येणार नाही. ती यादी चित्रपटांची आहे, आणि तशी असायलाही हरकत नाही. वाड्याचं वाड्याने करायचं आहे. शासनाने आणि महापालिकेने जागा, यंत्रं आणि प्रशिक्षण द्यावं एवढी अपेक्षा रास्त आहे.

सामायिक वारसा म्हणजे सगळं सगळ्यांसाठी खुलं, असा अर्थ मी घेत नाही. हळदीच्या रात्री बायका आपापसांत जे गातात, नाचतात, चेष्टा करतात, ते आपल्या माणसांत घडलेलं असतं. त्या चित्रणातल्या कुणाला ते इंटरनेटवर नको असेल तर तो नकार अंतिम मानला पाहिजे. भारतीय कायद्यात गाणाऱ्यालाही स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे आणि तो पन्नास वर्षं टिकतो. पण नीती कायद्याच्याही पुढे जाते. जतन वेगळं आणि प्रसार वेगळा. प्रत काढून सुरक्षित ठेवायला विलंब नको, ती जाहीर करायला घाई नको. घरच्यांपुरती, वाड्यापुरती, अभ्यासकांपुरती आणि सर्वांसाठी, असे परवानगीचे टप्पे संग्रह करताना पहिल्या दिवशीच लिहून ठेवावेत. १९८२ मध्ये पुण्यात सुरू होऊन पुढे दिल्लीला आणि गुडगावला गेलेलं ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथनोम्युझिकॉलॉजी’ ध्वनिमुद्रण देणाऱ्याच्या अटी अशाच जपतं.

घाई यासाठीही की किनारा बदलतो आहे. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम समुद्रात चालू आहे आणि कार्टर रोडला त्याचा जोडरस्ता आखलेला आहे. मासेमारीचे पट्टे, होड्यांच्या वाटा, किनाऱ्यावर जाळी पसरायची जागा, या सगळ्यावर त्याचा परिणाम होणार. किनाऱ्याचा आवाजही त्याबरोबर बदलेल. होडी ओढताना घातलेल्या हाका, मासळीच्या वाट्याचा मोलभाव, इंजिनाचा आवाज, हे आज टिपून ठेवण्याइतकं साधन प्रत्येक पोराच्या खिशात आहे.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. कॅसेटच्या पाठीवरचे छोटे प्लॅस्टिकचे तुकडे आज रात्रीच मोडून टाका, म्हणजे चुकून वर काही टेप होणार नाही. व्हीएचएसलाही असा एक तुकडा असतो. कॅसेट उभ्या ठेवा, जमिनीपासून वर, स्पीकरच्या चुंबकापासून दूर. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट अजिबात वाजवू नका. एका बुरशीच्या कॅसेटने यंत्र बिघडतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात. आवाज संगणकावर घेताना एमपी३वर थांबू नका, डब्ल्यूएव्ही करा. उत्तम दर्जाने घेतलेल्या एका तासाला साधारण दोन गिगाबाइट लागतात, आणि आजच्या एका हार्ड डिस्कमध्ये अशा शेकडो कॅसेट सहज मावतात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही ऐकण्यापुरती समजा. ती दाबून लहान केलेली असते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक वाड्याबाहेर, गावी किंवा लेकीच्या सासरी. फाइलच्या नावात वर्ष, घर आणि गाणाऱ्याचं नाव घाला. मूळ कॅसेट मात्र फेकू नका. उद्या यापेक्षा चांगलं यंत्र येईल.

आणि एका घराने एकट्याने करू नये. दांड्याच्या मंडळांकडे वर्गणी जमवायची, मांडव घालायची, हजारो माणसांची व्यवस्था लावायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. त्याच ताकदीने एक खोली, एक चालू टेपरेकॉर्डर, एक व्हीसीआर, एक संगणक आणि दोन शिकलेली पोरं उभी करणं कठीण नाही. काळाच्या पट्टीवर नाव आणि शब्द कसे जोडायचे याचं काम करणारी मंडळी शेजारच्या चुईममध्ये आहेत. त्यांचं सॉफ्टवेअर मोफत आहे. दरवर्षी २७ ऑक्टोबरला युनेस्कोचा ध्वनि-दृश्य वारसा दिन येतो, १९८० मध्ये बेलग्रेडला हलत्या चित्रांच्या जतनाची शिफारस मंजूर झाली त्या दिवसाची आठवण म्हणून. तो आपल्या दिवाळीच्या मागेपुढेच असतो.

दिवाळीला घर झाडताना कपाटातल्या कॅसेट बाहेर निघतात आणि भंगारवाल्याच्या पिशवीत जातात. या वर्षी त्या जाऊ देऊ नका. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवा, एकेक कॅसेट हातात घ्या, ती सांगेल ते वहीत लिहा. दांड्यात, वेसाव्यात, मढला, वरळीला, उत्तनला, किंवा तुम्ही हा लेख जिथे वाचत असाल तिथे. वही भरली की प्रत काढायला माणूस शोधा, आणि हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी संपवा.